शस्त्रक्रियेनंतर डॉक्टर बदलताना

मागील महिन्यातील एका शुक्रवारी वंदना आटोपली, चहा झाला, मुले जिन्यात खेळू लागली, तेव्हा आपल्या समूहातील एक बांधव आम्हांस आतल्या खोलीत घेऊन गेले. दार लोटून त्यांनी एकच प्रश्न विचारला : "डॉक्टर बदलू का?" त्यांच्या पत्नी त्या वेळी इथल्या एका सरकारी रुग्णालयात होत्या. पोटाच्या डाव्या बाजूस नळी, नाकातून दुसरी नळी, तोंडाने पाण्याचा थेंबही नाही. वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया त्यांनी वार्षिक रजेत महाराष्ट्रातील एका शहरात करून घेतली होती आणि ही गोष्ट आमच्यापैकी कोणासही ठाऊक नव्हती.

या स्तंभात आम्ही सहसा ग्रंथ, चळवळ आणि परदेशातील आपले प्रश्न यांविषयी लिहितो. हा विषय त्यांत बसतो की नाही, याचा विचार केला. पण त्या प्रश्नात आपल्या समाजाच्या इतक्या गाठी गुंतलेल्या दिसल्या की लिहिणे टाळता येईना. त्या कुटुंबाच्या संमतीने, नाव, गाव आणि दवाखाना वगळून लिहीत आहोत. त्यांना येथे केवळ 'ताई' म्हणू.

कुवेतमध्ये ही शस्त्रक्रिया नवलाची राहिलेली नाही. येथील प्रौढांमध्ये लठ्ठपणाचे प्रमाण चाळीस टक्क्यांहून अधिक आहे आणि जगात सर्वाधिक प्रमाण असलेल्या देशांत कुवेतची गणना होते. जठराचा मोठा भाग कापून त्याची अरुंद नळी करण्याच्या शस्त्रक्रियेस इथले लोक 'तकमीम' म्हणतात. दुकानात, टॅक्सीत, कार्यालयात हा शब्द सहज कानावर पडतो. वाळवंटी उन्हाळा, मोटारीतील आयुष्य आणि बारा-बारा तासांच्या पाळ्या आपल्यालाही चुकलेल्या नाहीत. ताईंना मधुमेह होता, वजन शंभरीच्या पुढे गेले होते, गुडघे दुखत होते. शस्त्रक्रियेचा निर्णय त्यांनी पूर्ण विचाराने घेतला होता. तरीही तो सर्वांपासून लपवला. कारण "खाण्यावर ताबा नाही म्हणून पोट कापले" हे वाक्य कोणीतरी उच्चारणार, याची त्यांना खात्री होती. कोसलनरेश पसेनदी पातेलेभर भात खाऊन धापा टाकीत तथागतांसमोर येऊन बसला, ही कथा संयुत्त निकायात आहे. तथागतांनी त्याची थट्टा केली नाही. मात्रा जाणून जेवण्याविषयी एक गाथा त्यांनी सांगितली. सुदस्सन नावाच्या तरुणाने ती पाठ करून रोज राजाच्या जेवणाच्या वेळी म्हणायची, अशी व्यवस्था राजाने केली आणि राजाचा आहार हळूहळू उतरला. राजालाही सोबतीला माणूस लागला. आपल्या भगिनीस मात्र आपण टोमण्यांच्या भीतीने एकटे ठेवले, हे आधी कबूल केले पाहिजे.

आता घडले ते असे. शस्त्रक्रियेनंतर तिसऱ्या दिवशी ताईंना घरी सोडले. सोळाव्या दिवशी त्या विमानाने कुवेतला परतल्या, कारण यजमानांची रजा संपली होती आणि मुलाची परीक्षा जवळ आली होती. एकोणिसाव्या दिवशी अंगात कणकण, डाव्या खांद्यात दुखणे, जीव घाबरा. त्यांनी शल्यचिकित्सकांना व्हॉट्सॲपवर कळवले : "थोडा ताप आहे, सर." उत्तर आले की पातळ पदार्थ घ्या, तापाची गोळी घ्या, उद्या कळवा. नाडी मिनिटाला १२६ होती. घरातील रक्तदाबाच्या यंत्रावर तो आकडा दिसत होता. तो त्यांनी कळवला नाही. का, असे विचारले तेव्हा ताई म्हणाल्या, "सर इतके व्यग्र असतात. उगाच बाऊ केल्यासारखे वाटले असते."

हा आकडाच सर्वांत महत्त्वाचा होता. जठराची नळी करताना कापलेली कड लांबच लांब पिनांनी शिवलेली असते. त्या शिवणीत, बहुधा अगदी वरच्या टोकाला, जिथे अन्ननलिका येऊन मिळते तिथे, फट पडू शकते. त्यास गळती म्हणतात. शंभर रुग्णांत एखाद-दोघांना ती होते. कुशल हातांनी केलेल्या शस्त्रक्रियेतही होते. पुष्कळदा ती रुग्ण घरी गेल्यावर, दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात प्रकटते. ताप येण्याआधीच नाडी धावू लागते. पोट प्रत्येक वेळी दुखतेच असे नाही. डावा खांदा दुखतो, श्वास लागतो. अशा शस्त्रक्रियेनंतर विश्रांतीतही नाडी १२०च्या वर राहिली, तर तो कोणत्या डॉक्टरकडे जावे याचा विचार करण्याचा काळ नसतो. ११२ फिरवून जवळच्या आपत्कालीन विभागात जाण्याचा असतो. ताई विसाव्या रात्री गेल्या. मधला दिवस गेला तो संकोचात, आणि थोडा पैशांच्या हिशेबातही. डिसेंबर २०२२ पासून परदेशी रुग्णांना सरकारी प्राथमिक केंद्रात औषधांसाठी पाच दिनार आणि विशेषज्ञांच्या बाह्यरुग्ण विभागात दहा दिनार मोजावे लागतात. तेव्हापासून 'उद्या बघू' म्हणण्याची सवय आपल्या कितीतरी घरांना लागली आहे.

रुग्णालयात सीटी स्कॅन झाला. गळती होतीच; शेजारी पू साठला होता. सुईच्या मार्गाने नळी घालून तो बाहेर काढला, प्रतिजैविके सुरू झाली, ताप उतरला. पाचव्या दिवशी तेथील डॉक्टरांनी सांगितले की पुढील टप्पा एंडोस्कोपीचा : गळतीच्या फटीतून पिगटेल नावाच्या, दोन्ही टोकांना वेटोळे असलेल्या बारीक नळ्या बसवायच्या, म्हणजे उरलेला पू आतल्या बाजूला, जठरात वाहून जाईल आणि फट भरून येईल. काही आठवडे लागतील, कदाचित काही महिने. आणि इथे घरात वाद पेटला.

यजमानांचे म्हणणे असे की ज्यांनी शस्त्रक्रिया केली तेच निस्तरतील; त्यांच्याकडे ताईंना घेऊन जावे. ताईंचे बंधू गावाहून फोनवर ओरडत होते की त्या माणसाच्या दारात पुन्हा पाऊल टाकायचे नाही, उलट त्याच्यावर खटला भरायचा. ताईंना कोणी विचारले नव्हते.

या वादाच्या तळाशी आणखी एक गोष्ट होती. ती सांगताना त्या बांधवांचा आवाज खाली आला. ते शल्यचिकित्सक आपल्या समाजातील आहेत. पहिल्या पिढीचे, कष्टाने वर आलेले. त्यांनी फी कमी घेतली, घरच्यासारखे वागवले, पुण्यतिथीच्या कार्यक्रमात त्यांचे भाषण या दांपत्याने ऐकले होते. "दुसऱ्याकडे गेलो तर त्यांना काय वाटेल? आणि लोक काय म्हणतील ते तुम्हांला माहीत आहे." माहीत आहे. आपला डॉक्टर चुकला की लोकांच्या तोंडी 'कोट्यातला' हा शब्द तयारच असतो. इतरांच्या हातून तेच घडले की ती शस्त्रक्रियेची ज्ञात जोखीम ठरते. म्हणून आपण आपल्या माणसाच्या बाबतीत गप्प बसतो, आणि त्या गप्प बसण्याला निष्ठा म्हणतो. आमचे मत आम्ही त्याच खोलीत सांगितले : त्या डॉक्टरांना इतर कोणत्याही डॉक्टरसारखे वागवा. त्यांना झुकते माप देऊ नका आणि जास्तीचा जाबही विचारू नका. आपले डॉक्टर घडावेत म्हणून झालेल्या संघर्षाचा अर्थ रुग्णाने त्यांच्यासमोर मुके व्हावे असा कधीच नव्हता. केसपुत्ताच्या कालामांना तथागतांनी जे सांगितले, त्यात 'हा आमचा गुरू आहे' एवढ्याच कारणाने काही मानू नये, हेही आहे. आपण ते सुत्त इतरांच्या बाबा-बुवांविरुद्ध मोठ्या आवाजात सांगतो. पांढऱ्या कोटासमोर मात्र विसरतो.

मग कसोटी कोणती? गुंतागुंत झाली एवढ्यावरून शल्यचिकित्सक वाईट ठरत नाही. ती झाल्यानंतर तो कसा वागतो, यावरून पुष्कळ कळते. तो फोन उचलतो का, काय घडले असावे हे स्पष्ट सांगतो का, तपासणीची चित्रे स्वतः पाहतो का, आपल्याहून अधिक अनुभवी सहकाऱ्याला बोलावण्यास तयार होतो का. महावग्गात जीवकाची एक कथा आहे. वाराणसीच्या श्रेष्ठीपुत्राच्या आतड्यास गाठ पडली होती, पेजही पचत नव्हती. बापाने राजगृहास येऊन बिंबिसाराकडे जीवकाची मागणी केली. जीवकाने लोकांना दूर केले, पडदा लावला, रुग्णास खांबाशी बांधले, पत्नीस समोर उभे केले, पोट उघडले आणि आतड्याची गाठ बाहेर काढून तिला दाखवली : हा तुझ्या पतीचा आजार. गाठ सोडवली, आतडे आत ठेवले, पोट शिवले, लेप लावला. त्या काळच्या शल्यकर्माविषयी अभ्यासक काय म्हणतील ते म्हणोत. आम्हांस त्या कथेत पत्नीला समोर उभे करणे फार मोलाचे वाटते. जो वैद्य घरच्या माणसाला आजार दाखवतो, त्याच्याकडे थांबायला हरकत नसते.

आणि त्याच खंधकात, काही पानांनंतर, अतिसाराने मलमूत्रात पडलेल्या भिक्षूला तथागत आणि आनंद स्वतः धुऊन काढतात, तो प्रसंग येतो. तेथे शुश्रूषा करण्यास सोपा रुग्ण कोणता, याची लक्षणे सांगितली आहेत. त्यांतील एक असे की आजार वाढतो आहे, उतरतो आहे की तसाच आहे, हे तो शुश्रूषा करणाऱ्यास जसेच्या तसे सांगतो. १२६चा आकडा दडवणाऱ्या ताई आम्हांस त्या वेळी आठवल्या. 'थोडा ताप' असा निरोप मिळालेल्या डॉक्टरास दोष किती द्यायचा, हे ठरवताना आपला निरोपही तपासावा लागतो. अर्थात नाडी किती आहे, हे डॉक्टरांनीही विचारायला हवे होते. दोन्ही खरे आहे.

डॉक्टर बदलण्याचा सर्वांत गाजलेला प्रसंग आपल्या मुंबईतच घडला आहे आणि त्याचे दुसरे टोक आखातात आहे. इजिप्तच्या इमान अहमद यांना ११ फेब्रुवारी २०१७ रोजी मालवाहू विमानाने मुंबईस आणले. त्यांचे वजन सुमारे पाचशे किलो असल्याचे तेव्हा सांगितले गेले. चर्नी रोडच्या सैफी रुग्णालयात ७ मार्चला त्यांच्यावर हीच जठराची शस्त्रक्रिया झाली. वजन उतरू लागले, रोज बातम्या आल्या. मग एप्रिलमध्ये त्यांच्या भगिनीने चित्रफितीतून आरोप केले की प्रकृती सांगितली जाते तशी सुधारलेली नाही. डॉक्टरांनी ते फेटाळले. दोन्ही बाजू कॅमेऱ्यांसमोर बोलू लागल्या. ४ मे रोजी इमान यांना अबू धाबीच्या बुर्जील रुग्णालयात हलवण्यात आले आणि २५ सप्टेंबर २०१७ रोजी तेथेच त्यांचा अंत झाला; हृदय आणि मूत्रपिंडाचे आजार त्यांना होतेच. त्यांच्या मृत्यूचा ठपका मुंबईवर, अबू धाबीवर किंवा भगिनीवर ठेवण्याचा आम्हांस अधिकार नाही. इतक्या व्याधी असलेल्या देहाविषयी बाहेरच्या माणसाने निवाडा करू नये. त्या आठवड्यांतील एक चित्र मात्र मनातून जात नाही : खाटेवरची बाई गप्प आहे आणि तिच्याविषयी बाकी सगळे बोलत आहेत. आमच्या बांधवांच्या घरातही तेच चालले होते.

म्हणून त्या शुक्रवारी सायंकाळी आम्ही त्यांच्यासह रुग्णालयात गेलो आणि ताईंनाच विचारले. त्यांचे उत्तर साधे होते : "मला विमानात बसायचे नाही. पण सरांनी काय केले ते इथल्यांना कळल्याशिवाय कोणी मला हातही लावू नये." वादात अडकलेल्या दोन्ही पुरुषांपेक्षा हे उत्तर शहाणपणाचे होते. पोटात नळी आणि रक्तात जंतूंचा धोका असताना विमानप्रवास विमान कंपनीच्या वैद्यकीय परवानगीशिवाय होत नाही, आणि चार तासांच्या त्या प्रवासात काही बिघडले तर वर आकाशात शल्यचिकित्सक नसतो. तिकडे गेल्यावर किती महिने राहावे लागेल, हेही सांगता येत नव्हते. कुवेतबाहेर सलग सहा महिन्यांहून अधिक राहिले की इकामा जाण्याची टांगती तलवार असते, आणि आश्रित व्हिसावरील पत्नीलाही ती चुकत नाही.

'कोणता शल्यचिकित्सक' हा प्रश्नही पुरता बरोबर नव्हता. रुग्ण स्थिर असेल तर अशा गळतीत सुरीचे काम बहुधा कमी असते. पू काढणारा रेडिओलॉजिस्ट, पिगटेल किंवा स्टेंट बसवणारा एंडोस्कोपीतज्ज्ञ, पोषण सांभाळणारा आहारतज्ज्ञ आणि अडचण आलीच तर अतिदक्षता विभाग, हे सगळे एका छताखाली हवे असते. कुवेतमध्ये अमीरी रुग्णालयाशी जोडलेले थुनयान अल-घानिम केंद्र आणि मुबारक अल-कबीर रुग्णालयाशी जोडलेले हया अल-हबीब केंद्र अशी पचनसंस्थेच्या विकारांची दोन स्वतंत्र सरकारी केंद्रे आहेत. ताईंचे पहिले डॉक्टर कितीही चांगले असोत, त्यांच्या शहरातील छोट्या रुग्णालयात हा सगळा मेळ नव्हता. हे त्यांनीच पुढे सांगितले, त्याकडे येतोच.

आधी कागद. सुटीच्या कार्डावर 'शस्त्रक्रिया यशस्वी' एवढेच लिहिलेले असते आणि त्याचा नव्या डॉक्टरास काही उपयोग नसतो. त्याला हवी असते शस्त्रक्रियेची मूळ नोंद : नळी किती रुंद ठेवली, कोणत्या पिना वापरल्या, शिवण वरून पुन्हा टाक्यांनी मजबूत केली का, त्याच वेळी आणखी काही दुरुस्ती केली का. भारतात २००२च्या वैद्यकीय आचारसंहितेनुसार रुग्णाने मागितल्यास ही कागदपत्रे ७२ तासांत द्यावी लागतात आणि आंतररुग्णाची नोंद तीन वर्षे जपून ठेवावी लागते. ती मागणे म्हणजे भांडण नव्हे. भांडायचेच असेल तर त्याच्या वाटा वेगळ्या आहेत : तिकडे महाराष्ट्र वैद्यक परिषद आहे, इथे झालेल्या उपचारांविषयी तक्रार असेल तर कुवेतच्या २०२० सालच्या ७० क्रमांकाच्या कायद्याने उभी केलेली वैद्यकीय उत्तरदायित्वाची यंत्रणा आहे. ताईंच्या बंधूंना आम्ही फोनवर एवढेच सांगितले की बहीण खाऊ-पिऊ लागेपर्यंत ती वाट तशीच राहील, कुठे पळून जाणार नाही. ते चिडले. पण दुसऱ्या दिवशी फोन आला नाही.

एका गोष्टीसाठी मात्र इथल्या परिचारिकेचे आभार मानले पाहिजेत. पहिल्या रात्री ग्लुकोजची बाटली लावण्याआधी तिने विचारले होते की उलट्या किती दिवस होत आहेत, आणि डॉक्टरांकडून बी-१ जीवनसत्त्वाचे इंजेक्शन लिहून घेतले. जठर लहान केल्यावर आठवडे-आठवडे उलट्या होत राहिल्या तर शरीरातील बी-१चा अल्प साठा संपतो. अशा वेळी ते न देता केवळ ग्लुकोज दिले तर मेंदूस कायमची इजा होऊ शकते. एकाची दोन दिसणे, चालताना तोल जाणे, बोलण्यात गोंधळ ही त्याची चिन्हे. घरोघरी हे माहीत असावे, कारण उलटी झालेल्या माणसास 'एक सलाईन लावून घे' असे सांगणारे आपल्यात फार.

आम्ही येथे गळतीसारख्या तातडीच्या गुंतागुंतीविषयी बोललो. शस्त्रक्रियेनंतर वर्षा-दोन वर्षांनी जळजळ होते, वजन पुन्हा वाढते, केस गळतात, ते दुखणे निराळे. तिथे घाई नसते. दोन-तीन ठिकाणी मत घ्यावे, महिनाभर विचार करावा, आणि दुसरी शस्त्रक्रिया सुचवणाऱ्या पहिल्याच माणसास हो म्हणू नये.

शनिवारी रात्री बांधवांनी अखेर त्या शल्यचिकित्सकांना फोन लावला. आम्ही शेजारी बसलो होतो. त्यांचा हात कापत होता. त्यांनी अडखळत सांगितले की पुढचे उपचार इथेच करायचे ठरवले आहे आणि शस्त्रक्रियेची नोंद हवी आहे. पलीकडे क्षणभर शांतता होती. मग डॉक्टर म्हणाले, "पहिल्या दिवशी मी नाडी विचारायला हवी होती. ते माझ्याकडून राहिले." आणि नंतर, "पिगटेल बसवायला माझ्याकडे माणूस नाही. तुम्ही तिथेच राहा." मध्यरात्रीपूर्वी दोन पानांची टंकलिखित नोंद आली, त्यासोबत शस्त्रक्रियेच्या चित्रीकरणाचा दुवा आणि इथल्या शल्यचिकित्सकांच्या नावे पत्र. दोन दिवसांनी त्या दोघांचे थेट बोलणे झाले. काय बोलले ते आम्हांस कळले नाही. कळण्याचे कारणही नाही.

पिगटेल बसवून आता तीन आठवडे झाले आहेत. बाहेरची नळी निघाली आहे, नाकातली अजून आहे. पुढील एंडोस्कोपी येत्या पंधरवड्यात होईल आणि फट किती भरली ते तेव्हाच कळेल. ताई घरी आल्या आहेत. मुलाचा अभ्यास घेतात, दिवसातून तीनदा नाडी मोजून वहीत लिहितात आणि ती वही येणाऱ्या प्रत्येकाला दाखवतात. भेटायला जाणाऱ्यांनी खाण्याचे काही नेऊ नये.